उलटा वळलेला कण: अवकाशातलं प्रतिद्रव्य ओळखायचं कसं?

हे वाचताना तळहात आभाळाकडे करून आडवा धरा. दर सेकंदाला एक-दोन म्यूऑन त्यातून आरपार जात आहेत. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचाच भाऊबंद, फक्त दोनशे पटींनी जड. यातले निम्म्याहून थोडे जास्त धन विद्युतभाराचे असतात, आणि धन म्यूऑन हा ऋण म्यूऑनचा प्रतिकण, म्हणजे तेवढ्याच वस्तुमानाचा पण उलट भाराचा जोडीदार. अशा प्रतिकणांचं द्रव्य ते प्रतिद्रव्य. म्हणजे इंदूरच्या राजवाड्यासमोरून चाललेल्या प्रत्येकाच्या अंगातून प्रतिद्रव्य सतत जात असतं आणि कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही.

मग प्रतिद्रव्य शोधण्यासाठी साडेसात टनांचं यंत्र अंतराळात कशासाठी न्यायचं?

कारण हे म्यूऑन इथलेच आहेत. दूर अवकाशातून आलेले वेगवान कण आपल्या वातावरणावर आदळतात, पंधरा-वीस किलोमीटर उंचीवर हवेतल्या अणुकेंद्रांच्या ठिकऱ्या उडतात, आणि त्या पडझडीतून जे नवे कण जन्मतात त्यांतले काही आपल्यापर्यंत पोचतात. जमिनीवर सापडलेलं प्रतिद्रव्य आपल्या हवेची हकीकत सांगतं. अवकाशाची हकीकत हवी असेल तर कण हवेला शिवण्याआधीच गाठायला हवा.

प्रतिद्रव्य ही कल्पना आधी कागदावर आली. १९२८ मध्ये पॉल डिरॅक यांनी इलेक्ट्रॉनसाठी जे समीकरण मांडलं, त्यातून तेवढ्याच वस्तुमानाचा पण उलट भाराचा एक जोडीदार निघत होता. १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना तो वैश्विक किरणांतच, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांच्या माऱ्यातच सापडला. तोच पॉझिट्रॉन. पुढे १९५५ मध्ये बर्कलीच्या प्रयोगशाळेत प्रतिप्रोटॉन तयार झाला. कण आणि प्रतिकण भेटले की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांची सगळी ऊर्जा बाहेर पडते. यात गूढ असं काही नाही. कर्करोगाच्या तपासणीत पेट स्कॅन करतात तेव्हा रुग्णाला किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली साखर टोचतात. तिच्यातून निघालेले पॉझिट्रॉन शरीरातल्या इलेक्ट्रॉनांना भेटून संपतात, प्रत्येक भेटीतून गॅमा किरणांची जोडी विरुद्ध दिशांना सुटते आणि तिच्यावरून यंत्र चित्र काढतं. बुऱ्हाणपूरहून आलेलं एक केळंसुद्धा त्यातल्या पोटॅशियममुळे दिवसाकाठी दहा-पंधरा पॉझिट्रॉन सोडतं.

खरा प्रश्न याहून मोठा आहे. ऊर्जेतून द्रव्य तयार होतं तेव्हा प्रतिद्रव्यही तेवढंच तयार होतं, असं प्रयोगशाळेत प्रत्येक वेळी दिसतं. विश्वाच्या आरंभीही तसंच घडलं असेल, तर आज ग्रह, तारे, आपण सगळे निव्वळ द्रव्याचेच कसे? उरलेला अर्धा हिस्सा कुठे गेला? कुठेतरी दूर प्रतिद्रव्याचे तारे असतील का? दुर्बिणीतून हे कळणार नाही. प्रकाशकणाचा प्रतिकण तो स्वतःच असतो, त्यामुळे प्रतिद्रव्याच्या ताऱ्याचा प्रकाश अगदी आपल्या सूर्यासारखाच दिसेल. पुरावा हवा तर त्या ताऱ्याचा कणच हाती लागायला हवा.

असे कण आपल्याकडे येतात हे १९१२ मध्ये व्हिक्टर हेस यांनी दाखवलं. उपकरणं घेऊन ते बलूनमधून पाच किलोमीटरहून जास्त उंचीवर गेले आणि वर जाल तसं किरणांचं प्रमाण वाढत जातं हे त्यांनी मोजलं. या वैश्विक किरणांत साधारण नव्वद टक्के प्रोटॉन असतात, नऊ टक्क्यांच्या आसपास हेलियमची अणुकेंद्रं, आणि उरलेल्या थोडक्यात इलेक्ट्रॉन व जड अणुकेंद्रं. प्रतिप्रोटॉन किती? दहा हजार प्रोटॉनांमागे एक, तोही जास्त ऊर्जेच्या कणांत. कमी ऊर्जेला तर त्याहूनही विरळ.

हा आकडा जरा नीट पाहावा. समजा तुमचं यंत्र चांगलं आहे आणि दहा हजारांत एकदाच चुकतं, एका प्रोटॉनला प्रतिप्रोटॉन समजतं. मग तुमच्या यादीतले निम्मे प्रतिप्रोटॉन खोटे निघतील. म्हणून प्रतिद्रव्य मोजण्याच्या कामात ‘सापडला’ म्हणण्यापेक्षा ‘हा तो नव्हे’ हे सिद्ध करण्यातच आयुष्य जातं. या विषयावरच्या बातम्यांत हा भाग बहुतेक गाळलेला असतो. मला मात्र सगळं मोल त्यातच दिसतं.

ओळखीची पहिली खूण म्हणजे वळण. विद्युतभार असलेला कण चुंबकीय क्षेत्रातून गेला की वळतो. धन भाराचा एका बाजूला, ऋण भाराचा दुसऱ्या. कण जितका जोरात, तितकं वळण कमी. इंदूरकरांना याचं उदाहरण गावातच आहे. राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातल्या इंडस-२ या यंत्रात २.५ जीईव्ही, म्हणजे अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) ऊर्जेचे इलेक्ट्रॉन सुमारे १७२ मीटर परिघाच्या बंद वाटेवरून फिरत राहतात. त्यांना वळवणाऱ्या चुंबकांचं क्षेत्र दीड टेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक) आसपास असतं आणि त्या चुंबकांतून जाताना इलेक्ट्रॉनची वाट साधारण साडेपाच मीटर त्रिज्येची होते. हे वळण डोळ्यांना उमगेल असं आहे.

आता अंतराळातला हिशेब बघा. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर बसवलेल्या अल्फा मॅग्नेटिक स्पेक्ट्रोमीटर या साडेसात टनांच्या यंत्रातला चुंबक ०.१४ टेस्लाचा आहे. इंदूरला पृथ्वीचं चुंबकत्व जेवढं जाणवतं त्याच्या तीन हजार पट, पण इंडस-२ च्या चुंबकाच्या दहाव्या हिश्शाएवढंच. त्यातून १०० जीईव्हीचा कण गेला तर त्याची वाट सुमारे २.४ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा तुकडा असते, आणि त्या वर्तुळातला मीटरभर तुकडाच चुंबकाच्या आत येतो. एवढ्या अंतरात कण सरळ रेषेपासून किती ढळतो? ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. माणसाचा केससुद्धा बहुधा याहून जाड निघेल. डावीकडे वळला की उजवीकडे, द्रव्य की प्रतिद्रव्य, याचा निवाडा या अंतरावर करायचा. हजार जीईव्हीच्या कणाला तर हे अंतर पाच मायक्रॉनवर येतं.

दुसरी अडचण तितकीच मोठी आहे आणि ती अँडरसन यांना १९३२ मध्येच भेटली. वरून खाली येणारा धन कण ज्या बाजूला वळतो, त्याच बाजूला खालून वर जाणारा ऋण कणही वळतो. फोटोत दोघांची रेघ एकसारखी. मग रेघ पाहून कण कोणता हे कसं सांगणार? अँडरसन यांनी बाष्पकोठीच्या, म्हणजे कणाची वाट धुक्याच्या रेघेसारखी दाखवणाऱ्या पेटीच्या मधोमध ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा बसवला. पत्र्यातून जाताना कणाची ऊर्जा खर्च होते, म्हणून पलीकडे तो जास्त वळतो. त्या प्रसिद्ध फोटोत पत्र्याच्या खालची रेघ बरीच सरळ आहे आणि वरची जास्त वाकडी. म्हणजे कण खालून वर गेला. त्या दिशेने जाऊन तशा बाजूला वळायचं तर त्याचा भार धनच हवा. आणि एवढा वळणारा प्रोटॉन पत्र्यापलीकडे इतकी लांब रेघ उमटवू शकत नाही, म्हणून तो प्रोटॉनही नव्हे. एक साधा पत्रा, पण त्याने दोन शंका एकदम फेडल्या. मला भौतिकशास्त्रातला हा फोटो सगळ्यात जास्त आवडतो.

अल्फा स्पेक्ट्रोमीटरमध्ये हेच काम घड्याळ करतं. चुंबकाच्या वर दोन आणि खाली दोन असे खास प्लास्टिकचे थर आहेत. कण गेला की ते चमकतात. वरून खालच्या थरापर्यंत पोचायला प्रकाशाच्या वेगाच्या कणाला साधारण ४ नॅनोसेकंद (सेकंदाचे अब्जांश) लागतात, आणि हे घड्याळ नॅनोसेकंदाचा सहावा भाग ओळखतं. आधी वरचा चमकला की खालचा, यात शंकेला जागा उरत नाही.

हे यंत्र १६ मे २०११ रोजी एंडेव्हर यानातून गेलं आणि तीन दिवसांनी स्थानकावर बसलं. नोबेल विजेते सॅम्युएल टिंग यांनी त्यासाठी कित्येक वर्षं खर्ची घातली. स्थानक ४०० किलोमीटरच्या आसपास उंचीवरून फिरतं. इंदूरच्या माथ्यावरून जातं तेव्हा ते आपल्याला मुंबईपेक्षा जवळ असतं. मुंबई सरळ रेषेत मोजली तरी ५०० किलोमीटर आहे. संध्याकाळी गच्चीवरून तो ठिपका सरकताना दिसला, तर त्याच्या पाठीवर हे यंत्र बसलेलं आहे हे लक्षात असू द्या.

समजा एक पॉझिट्रॉन वरून शिरला. त्याच्या बरोबरीने प्रोटॉनही येतातच, दोघांचा भार धन, दोघे एकाच बाजूला वळणार. पॉझिट्रॉनला खरा धोका या प्रोटॉनांचा आहे, कारण ते हजारो पटींनी जास्त आहेत. म्हणून वळणाच्याही आधी एक चाळणी लागते. वरच्या भागात तंतूंच्या गादीचे २० थर आहेत आणि त्यांच्यामध्ये झेनॉन वायू भरलेल्या पाच हजारांवर बारीक नळ्या. अतिशय वेगवान कण एका पदार्थातून दुसऱ्यात शिरताना क्ष-किरण सोडतो, पण ते सोडणं त्याच्या ऊर्जेचं वस्तुमानाशी किती प्रमाण आहे यावर ठरतं. पॉझिट्रॉन प्रोटॉनपेक्षा १,८३६ पट हलका. त्यामुळे तेवढ्याच ऊर्जेचा पॉझिट्रॉन क्ष-किरण सोडत जातो आणि प्रोटॉन मुकाट्याने निघून जातो.

मग घड्याळाचे थर, मग चुंबक आणि त्यातले सिलिकॉनचे पातळ पडदे. एकूण नऊ. कण कुठून गेला हे प्रत्येक पडदा साधारण १० मायक्रॉनपर्यंत अचूक सांगतो आणि त्या ठिपक्यांवरून वळण काढतात. खाली आणखी एक उपकरण वेग आणि भाराचं मान तपासतं. अगदी तळाशी शिशाचा आणि प्रकाश वाहणाऱ्या तंतूंचा जाड ठोकळा आहे. पॉझिट्रॉन त्यात शिरला की गॅमा किरण निघतो, त्यातून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी, तिच्यातून पुन्हा गॅमा, असा फवारा वाढत जातो आणि पॉझिट्रॉनची जवळपास सगळी ऊर्जा तिथे जिरते. प्रोटॉनचा फवारा विस्कटलेला असतो, नाहीतर तो सरळ पार होतो. हा फवारा कसा वाढतो याचं गणित होमी भाभा यांनी वॉल्टर हाइटलर यांच्याबरोबर १९३७ मध्ये मांडलं. वैश्विक किरणांच्या अभ्यासात भारताचा वाटा इतका जुना आहे.

सराफ्यातला जाणता सराफ सोनं फक्त कसोटीच्या दगडावर घासून थांबत नाही. वजन पाहतो, तावून पाहतो, आणि सगळे निकाल जुळले तरच भाव सांगतो. इथेही तसंच आहे. नळ्यांची साक्ष, वळणाची साक्ष आणि शिशाची साक्ष एकमेकींवर अवलंबून नाहीत, म्हणून तिघी एकाच वेळी चुकण्याची शक्यता फार कमी. शिशातली ऊर्जा आणि वळणावरून काढलेला संवेग जुळतात का, हेही पाहतात. पॉझिट्रॉन असेल तर जुळायलाच हवेत. सगळं मिळून दहा लाख प्रोटॉनांत एखादाच निसटतो.

एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण मेहनत खरी तिथे आहे. स्थानक दीड तासात पृथ्वीची फेरी मारतं, अर्धा वेळ उन्हात आणि अर्धा सावलीत. ऊन-सावलीने यंत्राचा सांगाडा प्रसरण-आकुंचन पावतो आणि बाहेरचे पडदे मोजमापाच्या अचूकतेपेक्षा कितीतरी जास्त सरकतात. मग पाच मायक्रॉनच्या वळणावर विश्वास कसा ठेवायचा? यावरचा उपाय वैश्विक किरणांनीच पुरवला. आतले पडदे स्थिर असतात, त्यांच्यावरून कणाची वाट काढायची, बाहेरचा पडदा कुठे असायला हवा होता आणि ठिपका कुठे उमटला ते पाहायचं. इतके कण येत असतात की दर दोन मिनिटांच्या नोंदींतून बाहेरच्या पडद्याची जागा ५-६ मायक्रॉनपर्यंत नव्याने ठरवता येते. गेली अनेक वर्षं हे अखंड चालू आहे.

पडदे थंड ठेवणारे पंप निकामी व्हायला लागले, तेव्हा नोव्हेंबर २०१९ ते जानेवारी २०२० या काळात लुका पार्मितानो आणि अँड्र्यू मॉर्गन यांनी चार वेळा स्थानकाबाहेर पडून नवी पंपयंत्रणा जोडली. अंतराळात दुरुस्ती होईल असा विचारच या यंत्राच्या बांधणीत नव्हता. जाड हातमोजे घालून बारीक नळ्या कापायच्या आणि पुन्हा जोडायच्या होत्या, त्यासाठी अवजारंही नवी घडवावी लागली.

आता निकालांकडे. प्रतिद्रव्य मिळालं म्हणजे कुठेतरी प्रतिद्रव्याचा तारा आहे, असं लगेच म्हणता येत नाही. ताऱ्यांमधल्या जागेत विरळ वायू असतो. वैश्विक किरणांतला प्रोटॉन त्यावर आदळला की आपल्या हवेत घडतं तसंच तिथेही घडतं, थोडे पॉझिट्रॉन आणि थोडे प्रतिप्रोटॉन जन्मतात. म्हणजे काही प्रतिद्रव्य मिळणार हे आधीच ठरलेलं. प्रश्न असतो तो अपेक्षेपेक्षा जास्त आहे का, एवढाच.

पॉझिट्रॉनच्या बाबतीत उत्तर स्पष्ट ‘हो’ आलं. अशा टकरींतूनच ते येत असते, तर ऊर्जा वाढेल तसं इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन यांच्या एकूण संख्येतलं त्यांचं प्रमाण घटत जायला हवं होतं. २००६ मध्ये रशियन उपग्रहावरून गेलेल्या पामेला या उपकरणाने दाखवलं की १० जीईव्हीच्या पुढे ते वाढतं. अंतराळातल्या फर्मी या गॅमा किरणांच्या दुर्बिणीत चुंबक नाही, तर तिच्या गटाने पृथ्वीच्याच चुंबकीय क्षेत्राचा वापर करून पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे काढले आणि वाढ खरी असल्याचं पाहिलं. ही कल्पकता दाद देण्यासारखी आहे. मग २०१३ पासून अल्फा स्पेक्ट्रोमीटरची मोजमापं आली, जास्त अचूक: १० जीईव्हीच्या सुमारास पाच टक्के असलेलं प्रमाण काहीशे जीईव्हीपर्यंत पंधरा टक्क्यांच्या घरात जातं. २०१९ च्या निकालांत आणखी एक गोष्ट दिसली. २८४ जीईव्हीच्या आसपासून पुढे पॉझिट्रॉनची संख्या झपाट्याने घसरते.

हे जादा पॉझिट्रॉन कुठले? एक शक्यता कृष्णद्रव्याची, म्हणजे दिसत नाही पण गुरुत्वाकर्षणावरून असल्याचं कळतं अशा द्रव्याची. त्याचे कण एकमेकांना भेटून नष्ट होत असतील तर पॉझिट्रॉन निघतील, आणि त्या कणाच्या वस्तुमानापाशी येऊन घसरण होईल. दुसरी शक्यता पल्सारची: स्वतःभोवती गरगर फिरणारे, प्रचंड चुंबकत्वाचे न्यूट्रॉन तारे, ज्यांच्याभोवती इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनच्या जोड्या तयार होतात. जोरदार पॉझिट्रॉन प्रवासात लवकर दमतो, म्हणून तो जवळूनच, काही हजार प्रकाशवर्षांच्या आतून आलेला असणार. मिथुन राशीतला गेमिंगा हा असाच जवळचा पल्सार. त्याच्याभोवती जोरदार इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनांचं कडं आहे, हे मेक्सिकोतल्या हॉक वेधशाळेने २०१७ मध्ये दाखवलं. मात्र तिथून ते कण सावकाश पसरतात असंही त्यातच आढळलं, त्यामुळे पृथ्वीपर्यंत किती पोचतील यावर वाद आहे. माझा कल पल्सारकडे आहे, कारण ते असतात हे आपल्याला ठाऊक आहे.

म्हणूनच प्रतिप्रोटॉनकडे लक्ष ठेवावं लागतं. पल्सारच्या जोड्यांतून प्रतिप्रोटॉन निघत नाहीत. २०१६ मध्ये साडेतीन लाखांच्या जवळपास प्रतिप्रोटॉन मोजून अल्फा स्पेक्ट्रोमीटरच्या गटाने सांगितलं की ६० जीईव्हीच्या पुढे प्रोटॉनांशी त्यांचं प्रमाण जवळपास स्थिर राहतं. नुसत्या टकरींच्या जुन्या हिशेबात ते घटायला हवं होतं. पण तो हिशेब करायला हायड्रोजन-हेलियमच्या टकरींत किती प्रतिप्रोटॉन निघतात हे नेमकं माहीत असावं लागतं, आणि ते आकडे अजून पुरेसे नेमके नाहीत. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हेलियम वायूवर प्रोटॉन आदळवून हे मोजण्याचं काम झालं आहे. वरच्या मोजमापाची किंमत खालच्या प्रयोगशाळेतल्या मोजमापावर अशी अवलंबून असते.

राहता राहिलं प्रति-हेलियम. ताऱ्यांमधल्या टकरींत प्रतिप्रोटॉन सहज निघतो, पण दोन प्रतिप्रोटॉन आणि एक-दोन प्रतिन्यूट्रॉन एकाच ठिकाणी, एकाच वेगाने जन्मून एकमेकांना चिकटणं फार दुर्मीळ. म्हणून प्रति-हेलियमचं एक खात्रीचं अणुकेंद्रही मोठी बातमी ठरेल. प्रति-कार्बन मिळाला तर बोलायलाच नको, कारण कार्बन ताऱ्यांच्या पोटातच शिजतो. टिंग यांनी २०१६ पासून भाषणांमधून प्रति-हेलियमसारख्या दिसणाऱ्या मोजक्या नोंदींचा उल्लेख केला आहे. प्रमाण साधारण दहा कोटी हेलियममागे एक.

दहा हजारांत एकच्या जागी इथे दहा कोटींत एक आहे. हेलियमचं साधं अणुकेंद्र एखाद्या पडद्यातल्या अणूवर नको तसं आदळलं, किंचित उलटं ढळलं, तर ते प्रति-हेलियमसारखंच दिसेल. असं दहा कोटींत एकदाही होत नाही हे संगणकावर कोट्यवधी कण सोडून दाखवावं लागतं, आणि ते संगणकातलं यंत्र खऱ्या यंत्राशी तंतोतंत जुळतं हेही सिद्ध करावं लागतं. या कामामुळे त्या नोंदी अजून शोध म्हणून जाहीर झालेल्या नाहीत, आणि मला हा संयम फार मोलाचा वाटतो. आतापर्यंत २०,००० कोटींहून जास्त कणांची नोंद झालेली असताना हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या नोंदींचा घाईने डंका पिटणं सोपं होतं.

यापुढचा मार्ग दुहेरी आहे. एक, यंत्राच्या डोक्यावर सिलिकॉनचा आणखी एक मोठा थर बसवायची तयारी, म्हणजे जास्त कण टिपता येतील आणि वळणाला आणखी एक साक्षीदार मिळेल. दुसरा मार्ग चुंबकाशिवायचा. अंटार्क्टिकावरून बलूनने उडवण्यासाठी गॅप्स नावाचं उपकरण बांधलं आहे. त्यात प्रतिकणाला हळूहळू थांबवतात. थांबलेला प्रतिकण सिलिकॉनच्या अणूत इलेक्ट्रॉनच्या जागी अडकतो, ठराविक ऊर्जेचे क्ष-किरण सोडत खाली उतरतो आणि शेवटी अणुकेंद्राला भिडून पायॉन नावाच्या अल्पजीवी कणांचा फवारा उडवून संपतो. थांबलेला प्रोटॉन किंवा हेलियम यातलं काहीच करत नाही. दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी तेच उत्तर आलं, तर वळणाच्या चुकीची शंका उरणार नाही.